शंका-समाधान: पडद्यावरचं शेवटच्या बाकापर्यंत

वर्गात डिजिटल साधनं वापरणाऱ्या शिक्षकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारखेच प्रश्न एकत्र केले आहेत. बहुतेकांचा सूर ‘कोणतं ॲप घ्यावं?’ असा आहे. उत्तरं मात्र तासात मुलं नेमकी कुठे अडतात, तिथून सुरू केली आहेत.

प्रश्न: वर्ग ८ मीटर खोल आहे. प्रोजेक्टरवरचा मजकूर पुढून स्वच्छ दिसतो, पण मागची मुलं डोळे बारीक करून वाचतात. अक्षर किती पॉइंटचं ठेवावं?

नुसत्या पॉइंटच्या आकड्याने काही ठरत नाही. तोच ३२ पॉइंटचा मजकूर लहान पडद्यावर बारीक आणि मोठ्या पडद्यावर ठळक दिसतो. हिशोब धरायचा तो चित्राची उंची आणि शेवटच्या बाकाचं अंतर यांचा. साधा मजकूर वाचायचा असेल, तर शेवटचा बाक चित्राच्या उंचीच्या ६ पटींपेक्षा लांब नको. नकाशा किंवा बारीक आकृती असेल तर ४ पट. म्हणजे ८ मीटरच्या वर्गात चित्र निदान १.३३ मीटर उंच हवं. ते १ मीटरच असेल, तर शेवटचा बाक ८ पट लांब पडतो आणि तिथल्या मुलांचं चुकत नाही.

याची परीक्षा घरीच घेता येते. १५.६ इंची लॅपटॉपच्या पडद्याची उंची साधारण १९ सेंटिमीटर असते. त्याच्या ८ पट म्हणजे दीड मीटर. स्लाइड पूर्ण पडद्यावर उघडा, दीड मीटर मागे जा आणि वाचा. ‘कि’ आणि ‘की’ वेगळे दिसतात का? ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’? ‘कार्य’वरचा रफार दिसतो का? देवनागरीत ओळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे चिन्हं असतात. त्यामुळे नुसतं अक्षर वाढवून भागत नाही, दोन ओळींतलं अंतरही वाढवावं लागतं. एका स्लाइडवर ६-७ ओळींच्या वर गेलात की कशावर तरी पाणी सोडावं लागतं.

दुसरी गोष्ट उजेडाची. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. जिथे तो प्रकाश टाकत नाही, तिथे भिंत जशी असेल तशी दिसते, आणि आपण तिलाच काळं म्हणतो. पडद्यावरची ट्यूबलाइट चालू असली की हा ‘काळा’ करडा होतो आणि अक्षर विरतं. वर्गातले बाकीचे दिवे राहू द्या, मुलांना वही दिसायला हवी. पडद्याजवळचा तेवढा बंद करा. उजेडाच्या खोलीत पांढऱ्यावर काळं अक्षरच बरं. काळ्यावर पिवळं लॅपटॉपवर देखणं दिसतं, भिंतीवर नाही.

चित्र तिरकं पडलं की पुष्कळजण लगेच कीस्टोनचं, म्हणजे तिरक्या कडा सरळ करणारं, बटण दाबतात. ही दुरुस्ती चित्रातले काही बिंदू वाया घालवून केलेली असते, त्यामुळे अक्षरांच्या कडा पुसट होतात. आधी प्रोजेक्टरची जागा आणि उंची बदलून बघा, मग झूम, आणि कीस्टोन अगदी शेवटी.

जाता जाता: बोलताना मुलांचं लक्ष स्वतःकडे हवं असेल, तर पॉवरपॉइंट किंवा लिब्रेऑफिसच्या स्लाइड-शोमध्ये पूर्णविरामाचं बटण दाबा. पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो. स्लाइडवरचं वाक्य तसंच्या तसं वाचून दाखवण्यापेक्षा हे बरं. डोळ्यांना आणि कानांना एकाच वेळी तोच मजकूर दिला, तर मुलं धड वाचतही नाहीत आणि धड ऐकतही नाहीत.

प्रश्न: वर्गात मुलांना फोन आणायला बंदी आहे. फक्त माझा फोन चालतो. तरीही अख्ख्या वर्गाला कळलं की नाही हे त्याच तासात कसं समजेल?

प्लिकर्स नावाचं साधन नेमकं यासाठीच आहे. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड द्यायचं. त्यावर क्यूआर कोडसारखी दिसणारी काळी-पांढरी आकृती असते आणि चार कडांना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ती कड वर करून मूल कार्ड धरतं. शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कोणी काय उत्तर दिलं ते फोनवर येतं. प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी असल्याने शेजाऱ्याचं कार्ड कसं धरलंय ते बघून नक्कल जमत नाही. हजेरी क्रमांक आणि कार्ड क्रमांक एकच ठेवा, नाहीतर वाटपातच ५ मिनिटं जातात.

बिघडतं ते असं. मुलं बोटं आकृतीवर ठेवतात. कागदाची पांढरी कडच धरायला शिकवावं लागतं. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याची तिरीप येते आणि कार्ड वाचलं जात नाही. मॅट लॅमिनेशन करा किंवा जाड कागदावर छापा. खिडकी मुलांच्या पाठीशी असेल तर कार्ड काळवंडतं. अशा वेळी खिडकीकडे पाठ करून उभे राहा, म्हणजे उजेड कार्डांच्या तोंडावर पडेल. शिक्षकाच्या फोनला इंटरनेट लागतं. तेही नसेल, तर चार रंगांचे चार कागद प्रत्येकाला द्या. नोंद राहणार नाही, अंदाज मात्र तितकाच चांगला येईल.

खरी मेहनत आहे ती प्रश्न लिहिण्यात. उदाहरणार्थ, १/२ + १/३ = ? याला चार पर्याय द्या: अ) ५/६, ब) २/५, क) २/६, ड) १/६. इथे प्रत्येक चुकीचं उत्तर काहीतरी सांगतं. ‘ब’ म्हणणाऱ्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. त्याच्या लेखी अपूर्णांक म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन सुट्या संख्या. ‘क’ म्हणणाऱ्याने छेद समान करायचा हे लक्षात ठेवलं, पण अंशाला त्याच पटीने गुणायला विसरला. ‘ड’ म्हणणाऱ्याने गुणाकार केला. तिघांनाही ‘चूक’ म्हणून एकच स्पष्टीकरण देणं म्हणजे तीन आजारांवर एकच गोळी. ‘ब’वाल्यांना एवढंच विचारा: अर्ध्यात काहीतरी मिळवलं, मग उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं? २/५ हे अर्ध्याहून कमी आहे, हे बहुतेकांच्या तिथल्या तिथे लक्षात येतं. चौथा पर्याय सुचला नाही तर तीनच ठेवा. जागा भरायला घातलेला ‘वरीलपैकी नाही’ कोणाच्याच डोक्यातला गोंधळ दाखवत नाही.

उत्तरं आल्यावर काय करायचं, याची एक चांगली पद्धत हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून रुळवली. बरोबर उत्तरं ३० टक्क्यांहून कमी असतील तर संकल्पना पुन्हा शिकवा. ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतील तर शेजाऱ्याशी दोन-तीन मिनिटं वाद घालायला लावा आणि पुन्हा मत घ्या. ७० च्या वर असतील तर थोडक्यात सांगून पुढे जा. मधल्या टप्प्यात एक पथ्य पाळा: पहिल्या फेरीचा आलेख पडद्यावर दाखवू नका. दाखवलात की मुलं सगळ्यात उंच खांबाकडे पळतात, आणि दुसऱ्या फेरीत वाढलेली टक्केवारी समजुतीची राहत नाही, गर्दीची होते.

कहूतसारख्या प्रश्नमंजुषेच्या साधनांत लवकर उत्तराला जास्त गुण मिळतात. सरावाला आणि मजेला ठीक. पण कोणाला काय समजलं हे बघायचं असेल तर वेळेची मर्यादा भरपूर वाढवा. नाहीतर तुम्ही आकलन नव्हे, अंगठ्याचा वेग मोजत असता.

प्रश्न: गूगल फॉर्मवर चाचणी घेतली. लघुत्तरात मुलांनी बरोबर शब्द लिहूनही गुण शून्य आले. फॉर्म मराठीला चालत नाही का?

चालतो, पण तो उत्तर वाचत नाही, अक्षरांचे संकेतांक, म्हणजे संगणक प्रत्येक अक्षर ज्या आकड्याने ओळखतो ते, जुळवतो. मराठीत डोळ्यांना सारखं दिसणारं अक्षर आतून वेगळं असू शकतं. नेहमी दगा देणाऱ्या जागा चार.

पहिली: ‘ॲसिड’ आणि ‘अॅसिड’. एकात ‘ॲ’ हे एकसंध अक्षर आहे, दुसऱ्यात ‘अ’ला वेगळा चंद्र जोडला आहे. पडद्यावर सारखेच, संकेतांक निराळे. कोणतं उमटेल हे कीबोर्डवर ठरतं, मुलावर नाही.

दुसरी: विसर्ग. ‘दुःख’ लिहिताना विसर्गाचं चिन्ह सापडलं नाही की मुलं अपूर्णविरामाची दोन टिंबं टाकतात. माणसाला फरक कळतही नाही, फॉर्म मात्र उत्तर चुकीचं धरतो.

तिसरी: ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला र. कोणी नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त करून लिहितो, कोणी साध्या ‘र्’नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दोन्ही वेळा दिसतं तेच.

चौथी आणि सगळ्यात जास्त वेळा येणारी: अंक. उत्तर ‘१२’ असं नोंदवलं आणि मुलाने इंग्रजी अंकांत बारा लिहिले, तर तो मजकूर वेगळाच.

उपाय असा. प्रश्न तयार करताना सेटिंगमध्ये चाचणीचा पर्याय चालू केला की प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरसूची येते. लघुत्तराला तिथे एकापेक्षा जास्त बरोबर उत्तरं देता येतात. अंक दोन्ही लिपींत लिहा, ‘ॲ’ची दोन्ही रूपं घाला. सगळी रूपं आधी सुचणार नाहीत, म्हणून गुण जाहीर करण्याच्या पर्यायात ‘लगेच’ऐवजी ‘तपासल्यानंतर’ निवडा. उत्तरं आली की प्रश्नवार दृश्य उघडा. तिथे सारखी उत्तरं एकत्र दिसतात, आणि एका गटाला बरोबर ठरवलं की त्या गटातल्या सगळ्यांना गुण मिळतात. चाळीस मुलांच्या एका प्रश्नाला मिनिटभराच्या वर लागत नाही. शुद्धलेखन तपासायचं नसेल तर लघुत्तराचा हट्टच सोडा आणि पर्याय द्या.

आणखी दोन सेटिंगं बघून ठेवा. ‘एकच प्रतिसाद’ हा पर्याय लावला की प्रत्येकाला गूगल खात्यातून आत यावं लागतं. दोन भावंडं एकाच फोनवरून चाचणी देत असतील तर दुसऱ्याला फॉर्म उघडतच नाही. त्याऐवजी हजेरी क्रमांक विचारा आणि दुबार नोंदी नंतर गाळा. ‘निकालाचा सारांश दाखवा’ हे मात्र बंदच असू द्या, नाहीतर पहिल्या मुलाने फॉर्म पाठवताच त्याला इतरांची उत्तरं दिसू लागतात. फॉर्मचा दुवा पाठवताना संपादनाचा दुवा गेला, तर प्रश्नपत्रिका मुलंच बदलू शकतात. पाठवण्याआधी खासगी विंडोत तो एकदा उघडून बघा.

प्रश्न: १८ मिनिटांची विज्ञानाची फिल्म दाखवली. मुलं शांत बसून बघतात, पण दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. फिल्म निवडण्यात चूक होते का?

शांतता हे बघण्याचं लक्षण आहे, शिकण्याचं नाही. २०१४ साली एडएक्सच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतल्या लाखो व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास झाला. त्यात व्हिडिओ कितीही लांब असला, तरी तो बघण्याचा मध्यक काळ ६ मिनिटांच्या आतच राहिला. ते स्वतःहून आलेले प्रौढ विद्यार्थी होते. वर्गातली मुलं उठून जाऊ शकत नाहीत एवढाच फरक, मन जायचं तिथे जातंच.

तेव्हा फिल्म नका दाखवू, फिल्ममधलं दृश्य दाखवा. नमुना म्हणून ४५-५० सेकंदांची एक चित्रफीत घेऊ. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ चे अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस एकदम सोडलं. हातोडा १.३२ किलोचा, पीस ३० ग्रॅमचं, उंची साधारण १.६ मीटर. नासाच्या संकेतस्थळावर ही फीत आहे.

आवाज बंद करून सुरू करा. हात सुटायच्या क्षणी थांबवा. वहीत लिहायला सांगा: आधी काय पडेल, आणि का? हे लिहूनच घ्यायचं. तोंडी विचारलं की दोघं-तिघं बोलतात आणि बाकीचे त्यांच्या मागे जातात. मग पुढे चालवा. दोन्ही एकदम पडतात. तेवढ्यावर ‘पाहिलंत?’ म्हणून सोडू नका. हे पडणं जेमतेम १.४ सेकंदांचं आहे, निम्म्या वर्गाचं लक्ष तेवढ्यात चुकतं. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाचं बटण दाबलं की एकेक चौकट पुढे जाते, स्वल्पविरामाने मागे येते. व्हीएलसीमध्ये हेच काम इंग्रजी ‘ई’च्या बटणाने होतं. चौकट-चौकट नेऊन दोन्ही वस्तू प्रत्येक क्षणी एका उंचीवर आहेत हे दाखवा. त्यानंतर आवाज लावून एकदा सलग, आणि शेवटी प्रश्न: पृथ्वीवर सपाट कागद आणि त्याच कागदाचा बोळा एकदम सोडला तर? हा प्रयोग वर्गातच करून बघा. सगळ्याला मिळून १२-१५ मिनिटं लागतात, त्यातला व्हिडिओ दोन-तीन मिनिटं.

दुसऱ्या दिवशी तास सुरू होताना पुस्तक न उघडता दोन प्रश्न लिहायला द्या. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात, मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना ५ मिनिटांनंतर जास्त आठवलं. आठवडाभराने मात्र मजकूर आठवून लिहिणारे पुढे होते. फिल्म पुन्हा दाखवण्यापेक्षा न बघता आठवायला लावणं जास्त टिकतं, ते यामुळे.

व्हिडिओ ‘आधी सुरू करून पॉज केला की पूर्ण लोड होतो’ हा समज जुना झाला. आता पुढचा थोडाच भाग साठवला जातो. नेट डळमळीत असेल, तर उतरवून घ्यायला परवानगी असलेल्या फिती आदल्या दिवशीच उतरवून ठेवा.

प्रश्न: २० टॅबलेट आहेत, एक राउटर आहे, पण इंटरनेट कधी असतं, कधी नसतं. टॅबलेट कपाटात पडून राहतात. काही करता येईल का?

राउटर म्हणजे इंटरनेट नव्हे. राउटर तुमच्या खोलीतली यंत्रं एकमेकांना जोडतो, बाहेरची तार नसली तरी हे काम चालू राहतं. म्हणजे एक लॅपटॉप ग्रंथालय झाला की २० टॅबलेट त्यातून वाचू शकतात.

यासाठी दोन मोफत साधनं. किविक्सवर विकिपीडियासारखे संग्रह ‘झिम’ नावाच्या एकाच फाइलमध्ये मिळतात, मराठी विकिपीडियाही. कोलिब्री हे लर्निंग इक्वॅलिटी या संस्थेचं; त्यात व्हिडिओ, सराव आणि प्रत्येक मुलाच्या प्रगतीची नोंद असते. चांगलं नेट असेल तिथे सामग्री एकदाच उतरवा. लॅपटॉप आणि टॅबलेट एकाच वाय-फायला जोडा, किविक्समधला स्थानिक सर्व्हर सुरू करा आणि तो दाखवेल तो आकड्यांचा पत्ता टॅबलेटच्या ब्राउझरमध्ये टाका.

जमलं नाही, तर क्रमाने हे बघा. लॅपटॉपच्या फायरवॉलने (बाहेरून येणारी जोडणी अडवणाऱ्या पहारेकऱ्याने) परवानगी विचारली असेल आणि घाईत ‘नको’ दाबलं गेलं असेल. टॅबलेट ‘या वाय-फायवर इंटरनेट नाही’ म्हणून आपणहून बाजूला झाला असेल. ‘तरीही जोडलेलं राहू दे’ निवडा, आणि सिमकार्ड असेल तर मोबाइल डेटा बंद करा. टॅबलेट राउटरच्या ‘गेस्ट’ जाळ्यावर असतील. त्या जाळ्यात यंत्रांना एकमेकांकडे बघायची सहसा मनाई असते. लॅपटॉप झोपी जात असेल. झाकण बंद केलं तरी जागा राहील अशी सोय करा. आणि काल चाललेला पत्ता आज चालत नसेल, तर राउटरने लॅपटॉपला नवा पत्ता दिला आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये तो कायमचा राखून ठेवता येतो.

मोठी झिम फाइल पेनड्राइव्हवर जात नाही, जागा असूनही ‘फाइल फार मोठी’ म्हणतो? पेनड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीचा आहे. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. त्यातलं सामान आधी काढून घ्या आणि एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. राउटरऐवजी फोनचा हॉटस्पॉट वापरायचा विचार असेल, तर बहुतेक फोन दहाच्या आसपास यंत्रांवर थांबतात.

प्रश्न: सिम्युलेशन (पडद्यावरचा आभासी प्रयोग) दिलं की मुलं नुसती खेळतात. काम कसं करून घ्यावं?

पहिली ५ मिनिटं खेळू द्याच. कोणतं बटण काय करतं हे त्यांना तेवढ्यात कळतं, आणि तुमची १० मिनिटांची सूचनांची यादी वाचते. नंतर मात्र हातात कागद हवा.

विजेच्या मंडलाचं उदाहरण घेऊ. कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठात नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेल्या फेट प्रकल्पात एकदिश विद्युतधारेचा संच आहे. नव्या पद्धतीची सिम्युलेशनं एकाच फाइलमध्ये उतरवता येतात आणि नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतात. जुनी, फ्लॅशवर चालणारी मात्र ब्राउझरमध्ये उघडत नाहीत. २०२० च्या अखेरीस फ्लॅशच बंद झालं.

कागदावर तीन रकाने आखा: अंदाज, दिसलं, कारण. पहिला रकाना भरल्याशिवाय स्विच जोडायचा नाही. काम १: एक बॅटरी, एक दिवा. काम २: त्याच तारेवर आणखी एक दिवा एकसर जोडा, दोघांपैकी कोणता जास्त प्रकाशेल? पुष्कळ मुलं ‘बॅटरीजवळचा’ लिहितात, कारण पहिला दिवा थोडी वीज खाऊन टाकतो असं त्यांना वाटतं. मग ॲमीटर (विद्युतधारा मोजणारं साधन) तीन ठिकाणी लावा: पहिल्या दिव्याआधी, दोन दिव्यांच्या मध्ये, दुसऱ्या दिव्यानंतर. मुळातली ९ व्होल्ट आणि १० ओहम ही मूल्यं बदलली नसतील, तर एका दिव्याला ०.९ ॲम्पिअर येतात आणि दोन एकसर दिव्यांना तिन्ही ठिकाणी ०.४५. तिन्ही आकडे सारखे निघाल्यावर ‘खाल्लेली वीज’ कुठे गेली, हा प्रश्न मुलंच एकमेकांना विचारतात. काम ३: तेच दोन दिवे समांतर.

दोन-तीन मुलांत एक टॅबलेट पुरे. प्रत्येकाला एक दिला की बोलणं थांबतं. दर कामाला टॅबलेट हाताळणारा बदला. पडद्यावर फिरणारे ठिपके मुळात इलेक्ट्रॉन दाखवतात, म्हणून दिशा पाठ्यपुस्तकाच्या उलट दिसते. गोंधळ टाळायचा तर आधी रूढ धारेचा पर्याय निवडा. कोणीतरी बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेने जोडून आग लावणारच. ओरडू नका, ॲमीटर लावून किती आकडा येतो ते विचारा. शॉर्टसर्किटचा धडा तिथेच होतो. आणि शेवटी खऱ्या बॅटरीला खरा दिवा जोडून दाखवा. सिम्युलेशनमधली बॅटरी संपत नाही, तार सैल होत नाही, बॅटरीचा अंतर्गत रोध मुळात शून्य धरलेला असतो. खरं मंडल असं सरळ वागत नाही, हे मुलांना माहीत असायला हवं.

प्रश्न: मुलांचे निबंध चॅटजीपीटीने लिहिलेले आहेत हे ओळखणारं सॉफ्टवेअर सुचवा.

सुचवण्याजोगं नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असं ओळखयंत्र आणलं आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत मागे घेतलं. अशा यंत्राच्या भरवशावर एखाद्या मुलावर आळ घेतला आणि ते निर्दोष निघालं, तर ती चूक भरून निघत नाही.

त्याऐवजी कामाची मांडणी बदला. मुद्दे आणि पहिला परिच्छेद वर्गात हाताने लिहून घ्या, उरलेलं घरी. निबंध आणल्यावर दोन मिनिटं बोला: हा शब्द का निवडलास, हा परिच्छेद काढला तर काय बिघडेल? ज्याने लिहिलंय तो अडखळत का होईना, उत्तर देतो.

तुम्ही स्वतः प्रश्न काढायला हे साधन वापरत असाल, तर ‘प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे मुलाची कोणती गैरसमजूत आहे ते लिही’ अशी सूचना द्या. कच्चा माल बरा मिळतो. उत्तरं मात्र एकेक स्वतः सोडवून बघा. मराठीत हिंदी परिभाषा घुसते: छेदाऐवजी ‘हर’, काटकोनाऐवजी ‘समकोण’, अपूर्णांकाऐवजी ‘भिन्न’. मुलांची नावं आणि गुण त्यात कधीही टाकू नका.

प्रश्न: वर्कशीटवर छापलेला क्यूआर कोड दोन महिन्यांनी चालेनासा झाला. कोड खराब होतो का?

कोड नाही, मधला दुवा गेला. काही मोफत संकेतस्थळं तुमचा पत्ता कोडमध्ये घालत नाहीत. स्वतःचा पत्ता घालतात आणि तिथून वाट वळवतात. मुदत संपली की वाट बंद. ‘स्थिर’ प्रकारचा कोड बनवा, म्हणजे पत्ता कोडमध्येच राहतो. पत्ता लांब असेल तर चौकटी बारीक होतात, म्हणून छोटा पत्ता बरा. आकार स्कॅन करायच्या अंतराच्या एक दशांश ठेवा: वहीवर ३ सेंटिमीटर चालतात, पण ८ मीटरवरून स्कॅन करायचा तर पडद्यावर ८० सेंटिमीटर हवेत. भोवतीची कोरी पट्टी कापू नका.

प्रश्न: प्रोजेक्टर जोडला की लॅपटॉपचा आवाज जातो.

जात नाही, एचडीएमआयच्या तारेतून प्रोजेक्टरकडे जातो, आणि त्याचा स्पीकर बारीक असतो किंवा नसतोच. स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाजाचं ठिकाण पुन्हा लॅपटॉप किंवा बाहेरचा स्पीकर निवडा. ही निवड तार जोडल्यानंतर करायची, आधी केलेली टिकत नाही.

प्रश्न: जुन्या प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो.

त्या युनिकोडपूर्व, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेतांक देणारी पद्धत रुळण्याआधीच्या, फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. त्या फाइलमध्ये खरोखर इंग्रजी अक्षरांचेच संकेतांक असतात. फॉन्ट त्यांच्या जागी मराठी चित्रं काढतो. फॉन्ट नसला की पडदा उठतो. नुसत्या छापायच्या असतील, तर जिथे नीट दिसतात त्या संगणकावर पीडीएफ करून घ्या. फॉर्ममध्ये किंवा शोधात वापरायच्या असतील, तर त्याच फॉन्टसाठी असलेल्या परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा. फॉन्ट चुकीचा निवडला तर निम्मी अक्षरं बरोबर येतात आणि फसगत होते. रूपांतर झाल्यावर पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं तपासा. ‘वर्तुळ’, ‘त्रिज्या’, ‘ऱ्हस्व’ हे तीन शब्द नीट आले असतील, तर बाकीचं सहसा ठीक असतं.